गोधडी : एका लुगड्याचे चार थर



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न आम्हांला निरनिराळ्या घरांतून ऐकू आला. "आईची लुगडी ट्रंकेत पडून आहेत. नेसणारे कोणी नाही आणि टाकवतही नाहीत. काय करावे?" प्रश्न साधा दिसतो, पण विचारणाऱ्याचा आवाज साधा नसतो. म्हणून या वेळी व्याकरण किंवा इतिहास बाजूला ठेवून शिवणाचा धडा देण्याचे योजिले आहे. उत्तर एका शब्दात द्यायचे तर ते आहे, गोधडी. परंतु एका शब्दाने गोधडी होत नाही. तिला कापड, दोरा, माप आणि सवड लागते. ते सर्व क्रमाने पाहू.

आधी आमची चूक सांगतो, म्हणजे वाचकांनी ती करू नये. आमची आई २००९ साली वारली. शलोशीम झाल्यावर घर आवरताना तिच्या लुगड्यांचे गाठोडे निघाले. इस्राएलला आल्यावरही ती बरीच वर्षे नऊवारी नेसत होती. "मुले काय करणार याचे?" असे म्हणून आम्ही ते गाठोडे जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकून आलो. घरी परतल्यावर पाहतो तो दोरीवर एक हिरवे लुगडे वाळत राहिले होते. तेवढेच उरले. आज त्या एकाच लुगड्याची गोधडी आमच्या घरात आहे. बाकीच्यांच्या किती गोधड्या झाल्या असत्या, हा हिशेब आम्ही वर्ग शिकवणारे असूनही वेळेवर केला नाही.

१. गोधडी म्हणजे काय

जुन्या, धुऊन मऊ झालेल्या कापडाचे तीन-चार किंवा अधिक थर एकमेकांवर ठेवून ते धावदोऱ्याने एकजीव केले की गोधडी होते. तिच्यात कापूस भरलेला नसतो. कापूस भरलेली ती रजई किंवा दुलई. गोधडीची ऊब येते ती थरांच्या मध्ये अडकलेल्या हवेमुळे. टाके जवळजवळ घातल्याने थर सरकत नाहीत, आणि फार आवळले नाहीत तर हवाही राहते. कोकणात व देशावर हिला वाकळ असेही म्हणतात. लहान बाळाची गोधडी म्हणजे दुपटे. बाळाची कुंची आणि दुपटे ही जोडी आपल्या आज्यांच्या बोलण्यात नेहमी असे.

असे शिवणारे आपण एकटे नाही. बंगालमध्ये हिला कांथा म्हणतात. संस्कृतात 'कन्था' म्हणजे चिंध्यांचे पांघरूणच. तेथील बायका जुन्या साडीच्या काठातून रंगीत दोरे ओढून काढीत आणि त्याच दोऱ्यांनी वेलबुट्टी भरीत. बिहारात सुजनी आहे, सिंध आणि राजस्थानात रल्ली आहे. कर्नाटकात उत्तर कन्नड भागात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या बायका 'कवंदी' शिवतात. त्या कडेपासून आरंभ करून फेऱ्या घेत घेत मध्यापर्यंत येतात आणि चारही कोपऱ्यांवर लहान तुकड्यांची फुले लावतात. फुलांशिवाय कवंदी त्यांना उघडी वाटते. आमच्या आईची गोधडीही कडेपासूनच आत जात असे.

२. कोणते कापड घ्यावे

सर्वांत उत्तम कापड म्हणजे पुष्कळ वेळा धुतलेले सुती लुगडे, सुती साडी, धोतर किंवा मलमल. सुई त्यात लोण्यासारखी जाते. नवे कापड घ्यावेच लागले तर ते आधी गरम पाण्यात दोनदा धुऊन वाळवावे. आमच्या पहिल्या गोधडीत आम्ही बाजारातले नवे कोरे कापड तसेच अस्तर म्हणून लावले. पहिल्या धुण्यात अस्तर आटले, वरचे जुने कापड आटायचे ते पूर्वीच आटून गेलेले होते. सगळ्या गोधडीला सुरकुत्या पडल्या. सहा आठवड्यांचे काम अर्ध्या तासात बिघडले.

नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या निसरड्या असतात, घाम शोषत नाहीत आणि इस्त्रीने वितळतात. त्यांची गोधडी होत नाही असे नाही, पण पहिला हात त्यांवर बसवू नये. जरीच्या साडीची जर टोचते, म्हणून जरीचा भाग काढून ठेवावा.

कापड कशाचे आहे हे कळत नसेल तर कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरून न्हाणीघरात, पाण्याजवळ जाळून पाहावा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. लोकर व रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. नायलॉन-पॉलिएस्टर वितळते आणि टोकाला कडक मणी होतो. पण ध्यानात ठेवा, तागाचा म्हणजे लिननचा दोराही सुतासारखाच जळतो. सूत आणि लिनन यांतला भेद या परीक्षेने कळत नाही.

हा भेद आपल्याला का लागतो? कारण शात्नेझ. लेवीय १९:१९ आणि अनुवाद २२:११ येथे लोकर आणि ताग एकत्र करण्याची मनाई आहे. अनेकांना वाटते की कोणतीही दोन कापडे एकत्र करू नयेत. तसे नाही. मिश्नाच्या किलायीम प्रकरणात स्पष्ट केले आहे की ही मनाई मेंढीची लोकर आणि लिनन या दोहोंपुरतीच आहे. सूत आणि लोकर चालते, सूत आणि रेशीम चालते, सूत आणि लिननही चालते. आपली कोकणातली गोधडी सारी सुती असे, म्हणून आपल्या आज्यांना हा प्रश्न पडलाच नाही. येथे पडतो, कारण थंडीसाठी लोक मधल्या थरात जुने लोकरी ब्लँकेट किंवा कोट घालतात आणि वर कोणाची तरी लिननची चादर लावतात. कोटाच्या तर कॉलरमध्येच कडक लिननचे अस्तर दडलेले असू शकते.

"आम्ही ते अंगाला कुठे लावणार, ते तर मधल्या थरात" असे कोणी म्हणेल. यावर तालमूदमधील बेत्सा प्रकरणात सांगितले आहे की शात्नेझवर दहा अंथरुणे एकावर एक घातली तरी त्यावर निजू नये. दहा अंथरुणांना जो नियम, तो चार थरांना लागू नाही असे कसे म्हणावे? आणि किलायीमच्या नवव्या अध्यायात आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. एका टाक्याने दोन कापडे जोडली गेली असे धरत नाहीत, दोन टाक्यांनी धरतात. गोधडीत टाके हजारो असतात. तेव्हा शंका असेल तर दोन मार्ग आहेत. लोकर घालूच नये, किंवा कापड शात्नेझ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत दाखवावे. अशा प्रयोगशाळा इस्राएलात आहेत. आमचा सल्ला पहिल्या मार्गाचा आहे. सुती थर दोन वाढवा, लोकरीची गरजच राहणार नाही.

३. कात्री लावण्यापूर्वी

सर्वांत कठीण काम सुईचे नाही, कात्रीचे आहे. आईच्या लुगड्याला कात्री कशी लावायची? आम्ही ते हिरवे लुगडे तीन वर्षे नुसते घडी घालून ठेवले. दर वर्षी पेसाहच्या आधी ट्रंक आवरताना काढायचे, हात फिरवायचा आणि पुन्हा ठेवायचे.

आम्हांला धीर दिला तो मिश्नातील एका वाक्याने. शब्बाथला वर्ज्य असलेल्या ३९ कामांची यादी शब्बाथ प्रकरणाच्या सातव्या अध्यायात आहे. त्यात दोन टाके घालणे हे एक काम आहे आणि दोन टाके घालण्यासाठी फाडणे हे त्याच्या शेजारचे. तालमूदमध्ये याचे कारण दिले आहे. मिश्कानच्या पडद्याला कीड लागून भोक पडले तर ते आधी थोडे फाडून सरळ करीत आणि मग शिवीत. म्हणजे नासवण्यासाठी फाडणे निराळे आणि शिवण्यासाठी फाडणे निराळे. दुसऱ्याला आपल्या शास्त्राने काम म्हटले आहे, निर्मितीचे काम. ज्या कात्रीच्या पुढे सुई आहे, त्या कात्रीला भिण्याचे कारण नाही.

मात्र एक वस्त्र गोधडीत घालू नये. आईबापांच्या मृत्यूच्या वेळी क्रीआ म्हणून जे फाडले, ते. इतर नातलगांसाठी फाडलेले तीस दिवसांनी नीट शिवता येते. आईबापांसाठी फाडलेले तीस दिवसांनंतर कच्च्या टाक्यांनी जोडता येते, पक्के कधीही शिवत नाहीत. ती फाट राहायचीच असते. आणि लुगडे ही निराळी गोष्ट आहे. ते दुःखाने फाटलेले नाही, नेसून विरले आहे. विरलेल्या कापडाला गोधडीपेक्षा मानाची जागा आम्हांला माहीत नाही.

४. पहिला धडा : दुपटे

हात बसावा म्हणून आधी लहान काम घ्यावे. पाचवारी सुती साडी साधारण ५ मीटर लांब आणि पन्हा ११० सेंटीमीटर धरू. प्रथम एका बाजूचा काठ १० सेंटीमीटर रुंद पट्टीसारखा सबंध लांबीभर कापून घ्या. ही पट्टी किनारीसाठी. उरलेल्या कापडाचे ९० सेंटीमीटर लांबीचे चार तुकडे काढा आणि रुंदीही ९० करा. चार थर झाले. दुपट्याचा घेर ३ मीटर ६० सेंटीमीटर होतो, त्याला ५ मीटरची पट्टी पुरून उरते.

चारही तुकडे एकावर एक ताठ पसरून कच्चा दोरा घाला. पट्टी उभी दुमडून कडेला बसवा आणि तुरपाई करा. मग कडेपासून २ सेंटीमीटर आत धावदोरा सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी मध्यापर्यंत या.

एक सूचना आजीआजोबांसाठी. आपल्या वेळी बाळाला दुपट्यात गुंडाळून निजवीत. आता टिपत हालावच्या बायका सांगतात की पहिले वर्षभर बाळाच्या पाळण्यात सैल पांघरूण ठेवू नये, श्वास कोंडण्याचा धोका असतो. त्यांचे ऐकावे. दुपटे जमिनीवर अंथरावे, त्यावर बाळ पालथे पडून खेळेल. सुनेशी यावरून वाद घालू नये.

५. दुसरा धडा : मोठी गोधडी

साहित्य : एक नऊवारी सुती लुगडे (किंवा दोन पाचवारी साड्या), जाड सुती दोरा, मध्यम जाडीची लांब सुई, अंगुस्तान, कात्री, टाचण्या, मोजपट्टी आणि खडू. दाभण घेऊ नये, भोके मोठी पडतात.

नऊ वार म्हणजे ८ मीटर २३ सेंटीमीटर. त्याचे चार भाग केले की प्रत्येक भाग सुमारे २ मीटर ५ सेंटीमीटर येतो. म्हणजे एका लुगड्यात चार थरांची एक गोधडी नेमकी बसते. जुन्या लुगड्याची टोके विरलेली असली तर तुकडे थोडे आखूड येतील, बिघडत नाही. मात्र चारही तुकडे सारखे आले पाहिजेत. पाचवारी साडीत असे दोनच तुकडे निघतात आणि सुमारे ९० सेंटीमीटर कापड उरते. ते ठिगळांना ठेवा.

कृती येणेप्रमाणे :

(१) एक तुकडा आहे तसाच ठेवा, २०५ × ११० सेंटीमीटर. हा सर्वांत खालचा थर. बाकीचे तीन तुकडे चारही बाजूंनी अडीच अडीच सेंटीमीटर कमी करा. ते २०० × १०५ होतील. वरच्या थरासाठी सर्वांत चांगला तुकडा निवडा. कोठे भोक असेल तर त्यावर दुसऱ्या रंगाचे ठिगळ आताच लावा. ठिगळ लपवू नये. गोधडीची शोभा ठिगळांतच असते.

(२) खोलीतील फरशी पुसून कोरडी करा. खालचा तुकडा उलटा, म्हणजे सुलट बाजू जमिनीकडे करून पसरा. कोपऱ्यांवर जाड पुस्तके ठेवा. त्यावर मधले दोन थर आणि शेवटी वरचा थर सुलट बाजू वर करून पसरा. चारही बाजूंनी खालचा थर सारखा दिसला पाहिजे. प्रत्येक थर पसरल्यावर मध्यापासून कडेकडे तळहात फिरवून घडी काढा.

(३) आता कच्चा दोरा. याचा कंटाळा करणारा पुढे रडतो. मध्यापासून आरंभ करून आधी उभा आणि आडवा, मग दोन्ही कर्णांवर लांब टाके घाला. त्यानंतर वीतभर अंतरावर ओळी घाला. मध्यापासून बाहेर जायचे म्हणजे फुगवटा कडेला निघून जातो.

(४) खालच्या थराची जास्तीची कड अर्धा सेंटीमीटर आत मुडपून उरलेली २ सेंटीमीटर वरच्या थरावर दुमडा. टाचण्या लावा आणि तुरपाई करा. लुगड्याचा काठ अशा रीतीने खालून वर येतो आणि गोधडीला आपोआप किनार होते. कोपऱ्यात आधी टोक आत दुमडावे, मग दोन्ही बाजू. हवे तर चार कोपऱ्यांना सिद्दी बायकांप्रमाणे त्रिकोणी तुकडे लावावेत. कोपरेच आधी फाटतात, म्हणून ती नुसती हौस नव्हे.

(५) धावदोरा. कडेपासून २ सेंटीमीटर आत सुरुवात करून फेऱ्यांनी मध्याकडे जा. सुईत दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंतच्या दुपटीहून लांब घेऊ नये, गुंता होतो. गाठ थरांच्या आत ओढून घ्यावी. एका वेळी तीन-चार टाके सुईवर घेऊन मग दोरा ओढावा, पण आवळू नये. दर चार बोटांवर डाव्या हाताने खालून चाचपून पाहावे की सुई चारही थरांतून गेली की नाही. खालचा थर सुटला तर तेथे पिशवी होते.

(६) काम पुरे झाल्यावर कच्चा दोरा काढून टाका.

शिवणयंत्राने करू नये का? तुकडे जोडायला यंत्र उत्तम. पण सगळी गोधडी यंत्राच्या टिपेने शिवली तर ती पुठ्ठ्यासारखी ताठ होते. हाताचा टाका सैल असतो, म्हणून गोधडी अंगाबरोबर वळते. थंडीसाठी दोन थर वाढवता येतील. सहा थरांपुढे हाताने सुई चालवणे कष्टाचे आहे.

६. दोऱ्याचा आणि वेळेचा हिशेब

गणित शिकवण्याची सवय जात नाही. दोरा किती लागेल हे आधी काढता येते. गोधडीचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्या आणि त्याला ओळींमधील अंतराने, तेही मीटरमध्ये, भागा. तयार गोधडी २ मीटर लांब, १.०५ मीटर रुंद, म्हणून क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर. अंतर २ सेंटीमीटर, म्हणजे ०.०२ मीटर. भागाकार १०५ मीटर. दोरा थरांतून वरखाली जातो, गाठी पडतात, तुकडे वाया जातात. त्यासाठी पाचवा हिस्सा मिळवा. १२६ मीटर झाले. किनारीची तुरपाई धरून १५० मीटर दोरा आणून ठेवावा. एकाच वेळी आणावा, नाहीतर रंग जुळत नाही.

आता टाके. वर अर्धा सेंटीमीटर, खाली अर्धा सेंटीमीटर, म्हणजे एका सेंटीमीटरला एक टाका. १०५ मीटरला साडेदहा हजार टाके. मिनिटाला दहा टाके धरले तर १,०५० मिनिटे, म्हणजे साडेसतरा तास. रोज अर्धा तास बसले तर ३५ बैठका. शब्बाथ सोडून आठवड्याचे सहा दिवस धरले तर सहा आठवडे. सुक्कोथ संपल्यावर आरंभ केला तर हन्नुकाच्या आत गोधडी पांघरता येते.

हा हिशेब काढल्यावर आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. आमच्या घरी लहानपणी सहा गोधड्या होत्या. साठ हजारांहून अधिक टाके. आईने ते कधी घातले? दुपारची भांडी झाल्यावर आणि नळाला पाणी येण्यापूर्वी. आम्ही पाठ म्हणत असू आणि ती शिवत असे, एवढेच आठवते. मोजपट्टी तिच्याकडे नव्हती. वीत आणि चार बोटे हेच माप. तिला विचारले तर ती म्हणे, "बघत बस, येईल." आम्ही बघितले नाही, पाठ म्हटले. म्हणून आज तीच गोष्ट आम्हांला सेंटीमीटरमध्ये मांडावी लागते.

७. शुक्रवारची सुई

आईची एक सवय मात्र आम्ही बघितली होती. शुक्रवारी दुपारी ती गोधडीतून सुई काढून डब्यात ठेवी आणि डबा फडताळात वरच्या फळीवर. मग दिव्याची तयारी. आम्हांला वाटे, मुलांना सुई टोचू नये म्हणून ती असे करते. पुढे शब्बाथ प्रकरणाच्या पहिल्याच अध्यायात वाचले की शिंप्याने शुक्रवारी अंधार पडण्याच्या सुमारास सुई घेऊन बाहेर पडू नये, न जाणो, विसरून तो शब्बाथला ती घेऊन हिंडेल. आईने मिश्ना वाचलेली नव्हती. कोकणात आपल्या लोकांनी शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून शनवार तेली हे नाव पडले, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. घाणा पुरुषांचा होता. घरात त्याच दिवशी सुई बंद राहत होती, हे सांगायचे राहून जाते.

तेव्हा गोधडी शिवणाऱ्यांनी एवढा नेम ठेवावा. शुक्रवारी दुपारी टाका पुरा करून सुई काढून ठेवावी. अर्ध्या दोऱ्यावर सोडलेली सुई कापडात हरवते आणि मग शनिवारी तीवर कोणीतरी निजते.

८. धुणे आणि ठेवणे

कोकणात मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी गोधड्या धुऊन कडक उन्हात वाळवीत. येथे ऊन मुबलक आहे. पेसाहनंतर धुवावी. पहिले धुणे थंड पाण्यात आणि वेगळे, रंग जातो की काय ते कळते. पुढे यंत्रात सौम्य फेरीत चालेल. ओली गोधडी फार जड होते. एका दोरीवर लोंबकळत टाकू नये, टाके ताणतात. दोन दोऱ्यांवर आडवी पसरावी. रंग उडू नये म्हणून उलट बाजू उन्हाकडे करावी. पूर्ण कोरडी झाल्याशिवाय घडी घालू नये. ट्रंकेत डांबरगोळ्या ठेवल्या तर कापडाला लागू देऊ नयेत, आणि काढल्यावर एक दिवस वाऱ्यावर टाकावी. दर वर्षी घडी बदलावी, नाहीतर घडीवरच कापड विरते.

फाटली तर? वरून आणखी एक थर चढवून शिवावी. अशा रीतीने एक गोधडी दोन-तीन पिढ्या चालते. तिच्या पोटात कोणाकोणाचे कपडे आहेत हे मात्र लिहून ठेवावे. आमच्या गोधडीच्या एका कोपऱ्यात आम्ही पांढऱ्या कापडाची बोटभर पट्टी शिवली आहे. तिच्यावर आईचे नाव, तिचे कोकणातले गाव आणि साल मराठीत व हिब्रूत भरले आहे. मराठी नातवंडांना वाचता येत नाही, हिब्रू येते. दोन्ही अक्षरे शेजारी शेजारी असली तर कधीतरी कोणी विचारील.

शेवटी

२०२५ सालच्या जूनमध्ये इराणशी बारा दिवस युद्ध झाले तेव्हा आमची मुलगी दोन मुलांना घेऊन आमच्याकडे राहायला आली होती, कारण आमच्या घराला ममाद आहे. भोंगा वाजला की सगळे आत. दुसऱ्या रात्री धाकट्याने जाताना काय उचलावे? ना खेळणे, ना टेलिफोन. त्याने पलंगावरची गोधडी ओढत नेली. ममादच्या फरशीवर ती अंथरून दोघे भावंडे बसली. धाकटा किनारीच्या टाक्यांवर बोट ठेवून मोजू लागला. शंभराच्या पुढे त्याला येत नव्हते, म्हणून तो पुन्हा एकपासून सुरू करी. बाहेर काय चालले होते ते सर्वांना ठाऊक आहे. बाहेर पडण्याची सूचना आली तेव्हा तो आपल्या आईला म्हणाला, "थांब, माझी ओळ राहिली आहे."

त्याच्या पणजीचे ते लुगडे आहे, हे आम्ही त्याला त्या रात्री सांगितले. तोपर्यंत सांगितले नव्हते. आम्हांला वाटत होते की त्याला त्यात काय कळणार.

ट्रंक उघडा. आईची असतील, सासूची असतील, मावशीची असतील. एक लुगडे, चार थर, दीडशे मीटर दोरा. जुन्या कपड्यांची पेटी कोठे जात नाही. तिच्याकडे जाण्यापूर्वी सहा आठवडे थांबा.

घरचा अभ्यास

१. तुमच्या घरातील सर्वांत जुने सुती वस्त्र कोणते? ते मोजा आणि २ मीटर लांबीचे किती थर निघतील ते लिहा.

२. ९० × ९० सेंटीमीटरच्या दुपट्याला २ सेंटीमीटर अंतराने धावदोरा घालायचा आहे. वाया जाणाऱ्या दोऱ्यासह किती मीटर दोरा लागेल? (उत्तर : सुमारे ५० मीटर.)

३. सुती साडी आणि लोकरी शाल यांची गोधडी चालेल काय? लोकरी शाल आणि लिननची चादर यांची? कारण द्या.

४. घरातील वडील माणसाजवळ बसून त्यांच्या लहानपणच्या एका गोधडीची माहिती विचारा आणि नातवंडाकडून ती लिहवून घ्या. कोणत्या लिपीत, हे नातवंडानेच ठरवावे.

शालोम.